वाकळ वाटायची की विकायची? शिवणाची आवड घरात पसरवा, पण वही उघडी ठेवा



तुमच्या घरात शिलाई मशीन आहे. हातात कला आहे. नणंद म्हणते, "वहिनी, किती छान शिवता तुम्ही, मला पण एक द्या ना." शेजारच्या काकू म्हणतात, "माझ्या नातवाला दुपटं शिवून दे गं, तुझ्यासाठी काय, दोन तासांचं काम!" मैत्रिणी म्हणतात, "चला, आपण सगळ्या मिळून अनाथ मुलांसाठी काहीतरी शिवूया." तुम्ही प्रत्येकीला हो म्हणता. वर्षाच्या शेवटी कपाट रिकामं, पाठ दुखतेय आणि गल्ल्यात काहीच नाही. मग घरातलंच कुणीतरी म्हणतं, "एवढं शिवतेस, पण मिळवलंस काय?"

हा प्रश्न लागतो मनाला. मलाही लागला होता.

म्हणून आज वाकळीवर बोलू. शहरात गोधडी म्हणतात, आपल्या कोल्हापूरकडं गावात अजून वाकळच. शिवणाची आवड घरच्यांना, मैत्रिणींना कशी लावायची, गरजूंना वाकळ कशी द्यायची आणि हे सगळं करताना आपला धंदा बुडू कसा द्यायचा नाही, हे तिन्ही सांगते. एकच गोष्ट आधी डोक्यात पक्की करा: फुकट द्यायची वाकळसुद्धा एक ऑर्डर असते. तिलाही गिऱ्हाईक असतं, माप असतं, तारीख असते आणि खर्च असतो. तो खर्च कुणीतरी भरतंच. तुम्ही लिहिला नाहीत, तर तो तुमच्या तब्येतीतून आणि तुमच्या मैत्रीतून वसूल होतो.

आपण कापडाच्या जिल्ह्यात राहतो

राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात सूत आणि कापडाची गिरणी काढली, तीच आपली शाहू मिल. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढं ते अख्खं गाव मागाच्या आवाजावर वाढलं. गांधीनगरची होलसेल कापडपेठ तर आपल्या दारातच आहे. म्हणजे कापड, कटपीस, चिंध्या, दोरा यासाठी आपल्याला लांब जायला नको. ओळखीच्या टेलरकडं गेलात तरी पिशवीभर तुकडे मिळतात.

आणि कला तर घरातच आहे. आईचं लुगडं, आजोबांचं धोतर, फाटलेली सुती साडी, एकावर एक अंथरायची, कच्चे टाके घालायचे आणि कडेपासून आत धावदोरा घालत यायचं. आपल्याकडच्या बायका पिढ्यान् पिढ्या हेच करत आल्या. बेळगावच्या पलीकडं, उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाजाच्या बायका अशीच गोधडी शिवतात, तिला त्या कवंदी म्हणतात. बंगालात कांथा, बिहारमध्ये सुजनी. जुनं कापड टाकायचं नाही, त्याचे थर करून ऊब तयार करायची, ही अक्कल आपल्या देशात सगळीकडं आहे.

कापड आहे, कला आहे. मग आपण अडतो कुठं? माझं कुठं अडलं ते आधी सांगते.

माझी ५० वाकळांची फजिती

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हायवे बंद, शहरात होड्या. ज्यांनी ते दिवस बघितले, त्यांना वेगळं सांगायला नको. पाणी ओसरलं आणि आम्ही आठ मैत्रिणींनी ठरवलं, पूरग्रस्तांसाठी ५० वाकळा शिवायच्या.

पहिल्या दिवशी काय उत्साह! चहा, पोहे, फोटो. दुसऱ्या आठवड्यात पाच जणी आल्या. तिसऱ्या आठवड्यात तिघी. दोऱ्याचे, गोट लावायच्या कापडाचे पैसे एकीनंच भरले होते, कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. मनात मात्र ठेवलं. शेवटी ५० च्या जागी ११ वाकळा झाल्या आणि दोन मैत्रिणींचं बोलणं बंद झालं, ते वेगळंच.

पुढचं अजून लागलं. त्या ११ वाकळा घेऊन आम्ही शिरोळ तालुक्यातल्या एका गावात गेलो. पाऊस सुरूच होता. एका आजींनी वाकळ हातात घेतली, टाक्यांवरनं हात फिरवला आणि म्हणाल्या, "बाई, लई चांगली हाय. खरं ह्या पावसात वाळवू कुठं?"

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्यांनी आयुष्यभर वाकळा शिवल्यात. त्या म्हणाल्या, "अगं पोरी, जाड वाकळ एकदा भिजली की चार दिस वाळत न्हाई. मला इचारायचं की आधी." घरातच जाणकार माणूस बसलेलं होतं आणि मी त्यांना विचारलंच नव्हतं. त्या वेळी त्या लोकांना हवं होतं पातळ, पटकन वाळणारं पांघरूण. आम्ही दिलं आमच्या हौसेचं.

धंद्यात आपण याला काय म्हणतो? गिऱ्हाइकाला न विचारता माल तयार करणं. विकायच्या मालाला ही चूक केली तर माल पडून राहतो, लगेच कळतं. दानाच्या मालाला केली तर समोरचा माणूस नमस्कार करून घेतो आणि आपल्याला कधी कळतच नाही. म्हणून दानात जास्त विचारायचं, कमी नाही.

मग विचारून केलं

त्याच वर्षी ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला. बीड आणि आजूबाजूच्या दुष्काळी भागातून कुटुंबं येतात, फडाजवळ नाहीतर कारखान्याजवळ कोप्या घालून राहतात. कडाक्याची थंडी आणि कोपीत तान्ही लेकरं. या वेळी वाकळ घेऊन गेलो नाही. रिकाम्या हातानं गेलो आणि विचारलं, "ताई, काय लागतंय?"

एका बाईनं सांगितलं ते मी विसरणार नाही. ती म्हणाली, "पांघराया हाय काहीबाही. खाली टाकायला न्हाई. लेकरू फडाच्या कडंला निजवते, भुई गार असती. हलकं पायजे, पहाटं उचलून न्यायचं असतं."

बघा, यात सगळं आलं. माप आलं: लहान. वजन आलं: हलकं. वापर आला: अंथरायला. वाहतूक आली: गुंडाळून न्यायला. आम्ही सुती साडीचं चार थरांचं दुपटं केलं, ३६ बाय ३६ इंच, आणि एका बाजूला दोन नाड्या लावल्या, म्हणजे गुंडाळून बांधता येतं. असली २४ दुपटी त्या हंगामात गेली. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा ती वापरात दिसली, मळलेली, धुतलेली, वाळत घातलेली. दिलेली वस्तू मळलेली दिसली की समजायचं, उपयोगी पडली.

आणि गंमत ऐका. तेच नाडीचं दुपटं माझ्या एका गिऱ्हाईक ताईंनी बघितलं. त्या म्हणाल्या, "मला प्रवासाला असंच हवंय, पैसे सांगा." आज माझ्याकडं सगळ्यात जास्त मागणी त्याच दुपट्याला आहे. ज्या बाईनं मला ते डिझाईन दिलं, तिच्याकडं विकत घ्यायला पैसे नव्हते. म्हणून माझा नियम आहे, चार दुपटी विकली की पाचवं कोपीकडं जातं. तो तिचा हक्क आहे असं मी मानते.

जगात लोक हे कसं करतात?

आपणच पहिले नाही. तीन उदाहरणं बघा आणि प्रत्येकातून एक गोष्ट उचला.

पहिलं आपल्याच देशातलं. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत गूंज ही संस्था सुरू केली, २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहरातले जुने कपडे निवडून, दुरुस्त करून ते गावात पोचवतात. पण नुसते वाटत नाहीत. गावानं आपला रस्ता, विहीर, तळं दुरुस्त करायचं आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे. शिकायचं काय? घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये.

दुसरं अमेरिकेतलं. १९९५ साली तिथं प्रोजेक्ट लायनस सुरू झालं. आजारी, संकटातल्या मुलांना स्वयंसेवक स्वतः बनवलेली पांघरुणं देतात. त्यांची अट साधी आहे: पांघरूण नवं, हातानं बनवलेलं आणि धुता येणारं पाहिजे. शिकायचं काय? दानाच्या मालालाही क्वालिटी चेक लागतो.

तिसरं अलाबामा राज्यातलं. १९६६ साली तिथल्या गरीब कृष्णवर्णीय बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली. मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून काहींची कामं आणि राहती घरंही गेली होती. त्यांनी घरातल्या गोधड्या न्यूयॉर्कच्या बाजारात नेऊन विकल्या आणि संसार उभे केले. शिकायचं काय? ज्या हातांना मदतीची गरज आहे, त्याच हातांत विकण्यासारखी कला असू शकते. प्रत्येक वेळी वाटायलाच पाहिजे असं नाही, कधीकधी विकत घेणं हीच मोठी मदत असते.

घरच्यांना कसं ओढायचं?

"कुणाला आवडच नाही" असं बऱ्याच ताई म्हणतात. आवड आधी लागत नाही हो, आधी काम द्यावं लागतं. वाकळीत शिवण्याशिवाय ढीगभर कामं असतात.

- लहान मुलं: दहा सुयांत दोरा ओवून ठेवणं, रंगाप्रमाणे तुकडे लावणं. सुया मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या, हा नियम पहिल्या दिवसापासून.
- घरातले पुरुष: साड्या धुऊन वाळवणं, मापात कापणं, तुकडे आणणं, तयार माल पोचवणं. आमच्याकडं कापायचं काम मिस्टरांचं. त्यांची कात्री माझ्यापेक्षा सरळ चालते, हे मी मान्य केलंय!
- सासूबाई, आई, आत्या: टाका शिकवणं आणि तपासणं. डोळ्यांना त्रास होत असेल तर त्यांनी शिवू नये, बघावं. हातानं चाचपून त्यांना कळतं टाका सैल पडलाय ते.
- ज्यांना शिवण येत नाही अशा मैत्रिणी: कच्चे टाके घालणं, गाठी मारणं, वही लिहिणं.

पहिल्यांदा मोठी वाकळ काढू नका. दुपट्यानं सुरुवात करा. हिशेब बघा. साडेपाच मीटरच्या साडीतून ३६ इंचांचे साधारण ६ चौकोन निघतात. म्हणजे दोन सुती साड्यांत चार थरांची ३ दुपटी. एक-एक इंचावर ओळी घातल्या तर एका दुपट्याला सुमारे ३३ मीटर टाके पडतात. ६० बाय ९० इंचांच्या वाकळीला तेच १३७ मीटरच्या आसपास जातात. नवीन माणसाच्या हातात चौपट काम दिलं की तो परत येत नाही. दुपटं दोन-तीन बैठकांत संपतं आणि "मी केलं" हा आनंद मिळतो. आवड त्या आनंदातून लागते.

एक काळजी घ्या. तान्ह्या बाळासाठी मऊ, धुतलेलं सुती कापडच घ्या. जरीचे काठ, टिकल्या, बटणं नकोत. नाड्या आखूड आणि पक्क्या शिवलेल्या असाव्यात. आणि देताना सांगा की हे खाली अंथरायचं आहे, झोपलेल्या बाळाच्या तोंडावर येईल असं पांघरायचं नाही.

दोन वह्या, एक घड्याळ

आता मुख्य काम. एक वही विक्रीची, एक वही देण्याची. दोन्हींत रकाने तेच: कापड, दोरा, गोट, तास, कुणी शिवलं, कुणाला गेलं.

उदाहरण म्हणून आकडे मांडते, तुमचे तुम्ही घाला. समजा हातशिलाईच्या वाकळीला २० तास लागले. तासाला ६० रुपये धरले तर मजुरी १,२००. दोरा ८०, कापड आणि धुणं १५०, गोट ७०. झाले १,५००. यात नफा अजून धरलेला नाही. आता सांगा, नणंदेला "राहू दे गं, काय घ्यायचे पैसे" म्हणताना तुम्ही किती रुपये दिलेत? द्या की, आनंदानं द्या. पण १,५०० दिले हे माहीत असून द्या.

आणि गिऱ्हाईक १,५०० द्यायला तयार नसेल तर? मजुरी खाऊ नका. वस्तू बदला. मशीनची शिलाई घ्या, माप लहान करा, दुपटं, आसन, पायपुसणं करा. हातशिलाईची वाकळ आगाऊ पैसे देणाऱ्यासाठीच ठेवा.

नातेवाइकांना सांगायचं कसं, हे सगळ्यात अवघड. माझी वाक्यं देते, तशीच वापरा:

"ताई, कापड तुमचं आणा, दोऱ्याचे आणि शिलाईचे एवढे होतील. घरच्यांना मी नफा लावत नाही."

"काकू, या महिन्यात माझ्या देण्याच्या वहीत दोनच जागा असतात, त्या भरल्या. पुढच्या महिन्यात तुमचं नाव लिहू, की आत्ता शिलाई देऊन करूया?"

पहिल्यांदा जीभ अडखळते. माझी अडखळली होती. आमच्या पाहुण्यांतल्या एकांनी तोंड वाकडं केलं, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "चाळीस वरसं फुकट शिवलं मी. कुणी सुईसुदिक आणून दिली न्हाई. ती मागतीया ते बरोबर हाय." त्या दिवशी मला कळलं, मी किंमत लावली ती नुसत्या माझ्या कामाची नव्हती, त्यांच्या चाळीस वर्षांचीही होती.

द्यायच्या आधी हे चार प्रश्न विचारा

१. काय लागतंय, आणि कधी? थंडीत की पावसात?
२. धुवायला, वाळवायला, ठेवायला जागा आहे का?
३. किती नग? पाच मुलांत तीन दुपटी नेली तर भांडण नेतो आपण.
४. परवानगी कुणाची? दवाखाना, बालगृह, वृद्धाश्रम यांचे स्वच्छतेचे आणि भेटीचे नियम असतात. आधी फोन, मग कापड.

शिवाय दोन व्यवहाराच्या गोष्टी. दान म्हणून वस्तू दिली तर आयकरात देणगीची सूट मिळत नाही, ती पैशाच्या देणगीला असते. त्यामुळं तसं कुणाला सांगून कापड मागू नका. आणि लोकांकडून रोख वर्गणी गोळा करू नका, त्याला धर्मादाय आयुक्तांचे नियम लागतात. कापड घ्या, दोरा घ्या, वेळ घ्या. पुरेसं आहे.

फोटोचं पण सांगते. वाकळीचा फोटो काढा, शिवणाऱ्या मैत्रिणींचा काढा. घेणाऱ्या लेकराचा चेहरा जाहिरातीला लावू नका. तुमच्या धंद्याची ओळख तुमच्या टाक्यानं व्हावी.

आवडीतून उद्योगाकडं

चार-सहा महिने गट नीट चालला, वही नीट लिहिली, की तुम्हाला आपोआप कळेल कोण वेगानं शिवतं, कोणाला रंग कळतात, कोण हिशेबात पक्कं आहे. तोच तुमचा उद्योगाचा पहिला गट. मग उद्यम नोंदणी करा, ती फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका. शिलाईचं काम करणाऱ्यांनी पीएम विश्वकर्मा योजना जरूर बघावी. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ कामांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत ५ टक्के व्याजानं कर्ज, अशी तिची रचना आहे. कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ मिळतो, म्हणून अर्ज कुणाच्या नावानं करायचा ते घरात बसून ठरवा. अटी बदलतात, त्यामुळं अर्जाआधी सेवा केंद्रात ताजी माहिती घ्या.

आता या आठवड्याचा गृहपाठ. कपाटातल्या दोन जुन्या सुती साड्या काढा. घरातल्या एका मोठ्या माणसाला आणि एका लहानाला सोबत बसवा. घड्याळ लावा. एक दुपटं शिवा. वहीत तास लिहा, खर्च लिहा. मग ठरवा, हे विकायचं की द्यायचं. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त वहीत लिहिलेली पाहिजेत.

माझ्या त्या दोन मैत्रिणींचं काय झालं म्हणाल तर, दोऱ्याचे पैसे भरणारी जी होती, तिचे पैसे आम्ही पुढच्या वर्षी व्याजासकट नाही, पण पुरणपोळीसकट परत केले. आता वही तीच लिहिते. आणि एक रुपया इकडचा तिकडं होऊ देत नाही!

भेटू पुढच्या व्हिडिओत. शिवत राहा, शिकवत राहा, आणि वही उघडी ठेवा.